सासरे, जावई आणि छताचं रबर

गाडी घेताना नवराबायकोत एकच वाद झाला होता, आणि तो छतावरून. बायकोचं म्हणणं, "चांगल्या धडधाकट छताला मुद्दाम भोक पाडलेली गाडी कशाला हवी?" नवऱ्याचं म्हणणं असं की त्याला भोक म्हणत नाहीत, सनरूफ म्हणतात. त्यातून उजेड येतो, वारा येतो, आणि माणसाला डब्यात कोंबल्यासारखं वाटत नाही. बायको दातांची डॉक्टर. दिवसभर भोकं बुजवणं हाच तिचा धंदा, त्यामुळे नवं भोक विकत घ्यायचा तिला काही उत्साह नव्हता. पण नवरा हट्टाला पेटला आणि सनरूफवाली गाडी दारात आली. चार वर्षं उजेड आला, वारा आला. पाचव्या वर्षी पाणी आलं.

आलं तेही चोरपावलांनी. आधी सीट नुसतीच दमट लागायला लागली. मग एकदा वळणावर त्याच्या कानामागे एक थंडगार थेंब पडला. घरी सांगायचं, तर "मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य उरलेला जन्म ऐकावं लागलं असतं. म्हणून त्याने सीटखाली टॉवेल ठेवला आणि पाण्याची बाटली सांडल्याचं सांगून टाकलं. पाऊस पडला की बाटली सांडायची. बायकोने त्याला घट्ट झाकणाची नवी बाटली आणून दिली. तीही सांडली, तेव्हा आणखी एक आणली.

एवढ्यावर थांबला असता तरी बरं होतं. पण त्याने काळ्या सीलंटची एक ट्यूब आणली आणि काचेच्या कडेने चारी बाजूंची फट बुजवून टाकली. तो नगररचना कार्यालयात नकाशे आखायचा, हात सरळ होता. रेघ अशी आली की बघत राहावं. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, तर मोटर घर्र घर्र करून कण्हली आणि काच जागची हलेना. छत कायमचं बंद. वर मोटरच्या हिसक्याने सीलंटला कुठेतरी चीर गेली असावी, पुढच्याच पावसात पाणी पुन्हा आत. म्हणजे उजेड होता, वारा गेला होता, आणि पाणी चालूच होतं.

अशा वेळी सासरे पंधरा दिवसांसाठी राहायला आले.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं फ्रिज दुरुस्त केले होते. त्यांच्या गावात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे, सगळ्यांचे ते 'फ्रिजवाले'. दोन वर्षांपूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलीने आग्रह करकरून दुकान बंद करायला लावलं. तेव्हापासून ते जास्तच गप्प झाले होते. मुलीच्या घरीही लॉजवर उतरल्यासारखे राहायचे. उठल्याबरोबर चादरीची घडी करायची, कप स्वतः विसळून ठेवायचा, आणि कुणाच्या वाटेत येणार नाही अशा खुर्चीत बसायचं.

जावयाशी त्यांचं वाकडं नव्हतं. पण दोघेही मुखदुर्बळ. नऊ वर्षांत त्यांचं बोलणं 'प्रवास कसा झाला?' 'बरा झाला' 'गर्दी होती?' 'होती थोडी' याच्यापुढे गेलं नव्हतं. मग वर्तमानपत्राची पानं वाटून घ्यायची आणि दोघांनी त्यात तोंड खुपसायचं.

त्या दिवशी जावई त्यांना आणायला बसस्टँडवर गेला. दुपारी जोराची सर येऊन गेली होती. प्रवास कसा झाला हे विचारून झालं, गर्दीची चौकशी झाली, आणि नेहमीची शांतता पसरली. तेवढ्यात पुढे सिग्नल लाल झाला. जावयाने ब्रेक दाबला आणि वरच्या दिव्याजवळून चांगलं वाटीभर पाणी सासऱ्यांच्या डोक्यावर बदकन पडलं.

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. सासऱ्यांनी शांतपणे चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि मान वर करून छताकडे पाहिलं.

"गास्केट गेलंय," ते म्हणाले. "काचेभोवतीचं रबर."

"बाबा," जावई काकुळतीला येऊन म्हणाला, "हिला सांगू नका हो."

"तिला माहीत नाही?"

"बाटली सांडते म्हणून सांगतो."

"किती दिवस?"

"पाच महिने."

सासऱ्यांचे खांदे हलायला लागले. जावयाला वाटलं, थंडी वाजली की काय. मग लक्षात आलं की म्हातारा हसतोय. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि डोक्यावरच्या पाण्यात मिसळून हनुवटीवरून ओघळलं.

"पाच महिने बाटली!" ते म्हणाले. "आणि माझी पोर गप्प बसली? चला जावईबापू, जेवणं झाली की खाली पार्किंगमध्ये जाऊ. टॉर्च आहे ना?"

पार्किंगमध्ये सासऱ्यांनी काचेच्या कडेने बोट फिरवलं आणि ते थबकले. "हे काय भरलंय यात?"

"ट्यूब. मीच भरली."

"कुठे कुठे?"

"सगळीकडे."

सासऱ्यांनी वाकून पूर्ण फेरी मारली. जावई मान खाली घालून उभा.

"काम चुकलंय," सासरे म्हणाले, "पण हात झकास आहे हो तुमचा. एवढी सरळ रेघ मला चाळीस वर्षांत जमली नाही."

तो सीलंट खरवडण्यात दोन संध्याकाळी गेल्या. सासऱ्यांनी सुरीला हात लावू दिला नाही, रंग जाईल म्हणून. एक मुदत संपलेलं बँकेचं कार्ड आणि स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिकचं उलथनं, एवढ्यावर काम. सीलंटच्या काळ्या शेवया निघत होत्या. एक लांबलचक, न तुटता निघाली की दोघे एकमेकांकडे शर्यत जिंकल्यासारखे बघायचे. कामात हात गुंतले की तोंडं मोकळी होतात, हे दोघांनाही नव्यानेच कळत होतं. सासऱ्यांनी जुन्या गिऱ्हाइकांचे किस्से सांगितले. एका बाईंनी फ्रिजमधला दिवा दार लावल्यावर खरंच विझतो का, हे बघायला नवऱ्यालाच आत बसवायचा घाट घातला होता. जावई इतका हसला की उलथनं हातातून पडलं.

घरी मात्र 'पाय मोकळे करून येतो' एवढंच सांगितलेलं. तिसऱ्या दिवशी चहा घेताना बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"नऊ वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी धड बोलला नाहीत, आणि आता रोज दीड-दीड तास फिरायला? कुठेतरी पाणी मुरतंय."

जावयाला असा ठसका लागला की सासऱ्यांना त्याची पाठ थोपटावी लागली.

काच मोकळी झाली तेव्हा खरा आजार दिसला. काचेच्या भोवतीचं रबर वाळून कडक झालं होतं, मागच्या बाजूला चांगलं बोटभर फाटलं होतं. कंपनीच्या वर्कशॉपने सांगितलं, नुसतं रबर मिळत नाही, काचेसकट सगळं घ्यावं लागेल आणि दीड महिना थांबावं लागेल. सासऱ्यांनी जुन्या रबराचा टीचभर तुकडा कापला, कागदात गुंडाळून खिशात टाकला आणि म्हणाले, "तुमच्या शहरात माझा एक मित्र आहे. त्याला कधी पाहिलेलं नाही."

मित्र म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीतला रबरवाला. सासरे पंचवीस वर्षं त्याच्याकडून फ्रिजच्या दारांची गास्केटं मागवत होते, फोनवर. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर दोघे तिथे गेले. चिंचोळं दुकान, भिंतीवर रबराच्या पट्ट्यांची भेंडोळी टांगलेली, कानाला पेन लावलेला एक टकलू माणूस गल्ल्यावर. सासऱ्यांनी "नमस्कार, जरा एक पट्टी दाखवता का," एवढंच म्हटलं, तर तो माणूस उठून उभाच राहिला.

"हा आवाज! फ्रिजवाले?"

"हो."

"अहो, मला वाटलं तुम्ही गेलात! दोन वर्षं फोन नाही."

"दुकान बंद केलं. मी चालू आहे."

रबरवाला टेबलाला वळसा घालून बाहेर आला आणि त्याने सासऱ्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मग जावयाकडे वळून विचारलं, "आणि हे कोण?"

"हे माझे पार्टनर," सासरे म्हणाले.

नोकरीत जावयाला अठरा वर्षांत बढत्या मिळाल्या होत्या, पण त्यातली एकही अशी लागली नव्हती. तो उगाच भिंतीवरची भेंडोळी मोजू लागला.

पुढचा अर्धा तास सासरे दुकानात नव्हते, ते वेगळ्याच जगात होते. पट्टी बोटांत दाबायची, सोडायची, ती किती चटकन परत फुगते ते बघायचं. वाकवायची, नखाने टोचायची, नाकाशी धरून हुंगायची. जुन्या तुकड्याला लावून छेद जुळतो का ते पाहायचं. चार पट्ट्या नापास झाल्या. पाचवी त्यांनी दाबली, सोडली आणि डोळे मिटले. "ही."

शनिवारी बायकोचा दवाखाना संध्याकाळपर्यंत असायचा आणि जावयाला सुट्टी. ती गेल्यावर दोघे खाली उतरले. स्क्रू काढण्याआधी सासऱ्यांनी काच कुठल्या उंचीवर बसली आहे, त्याच्या खुणा पेन्सिलीने करून घेतल्या. काच काढून जुन्या ब्लँकेटवर ठेवली. जुनं रबर सोलून खाच स्पिरिटच्या फडक्याने लख्ख पुसली. मग नवी पट्टी मागच्या बाजूच्या मध्यापासून बसवायला घेतली.

"ओढायचं नाही," सासरे सांगत होते. "ओढून बसवलं की आज छान दिसतं, महिन्याने आकसतं आणि सांधा उघडा पडतो. नुसतं दाबत जायचं. अंगठ्याने. कोपऱ्यात घाई नाही."

कोपऱ्यावर सासऱ्यांच्या बोटांतून पट्टी दोनदा निसटली. त्यांनी ती जावयाच्या हातात दिली आणि आपण फक्त बोटाने दाखवत राहिले. जावयाने चारी कोपरे बसवले. सांधा केसभर जास्तीचा ठेवून दाबून बसवला, काच जागेवर आली, खुणा जुळल्या. सासऱ्यांनी वर्तमानपत्राच्या कडेची एक पट्टी फाडली, काचेत अडकवून सनरूफ बंद केलं आणि कागद हळूच ओढला. तो सगळीकडे सारखाच अडकत आला.

"फ्रिजचं दार असंच तपासायचो," ते म्हणाले. "कागद सहज निघाला तर गार हवा पळते. इथे पाणी. आता पाण्याची परीक्षा. मी आत बसतो, तुम्ही पाइप धरा."

"तुम्ही कशाला, बाबा? मी बसतो आत."

"थेंब कुठून येतो ते मला कळेल. सोडा पाणी!"

इकडे दवाखान्यात दुपारच्या पेशंटने अक्कलदाढ काढायला येतो म्हणून सांगून ऐनवेळी धीर सोडला आणि फोन बंद करून टाकला. त्यामुळे बायको लवकर घरी परतली. पार्किंगमध्ये शिरली तर काय पाहते? नवरा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गाडीवर धबाधबा पाणी मारतोय आणि आत, मांडीवर वर्तमानपत्र पसरून, ताठ बसलेले तिचे वडील वर बघून हाताने 'अजून, अजून' अशा खुणा करतायत.

"अरे, बाबांना धुतोयस का तू?"

पाइप जमिनीवर पडला. दार उघडून सासरे बाहेर आले. जावयाने सगळं सांगून टाकलं. थेंब, टॉवेल, ट्यूब, सगळं.

"पाच महिने?" ती म्हणाली.

"साडेपाच."

"आणि मी मूर्खासारख्या बाटल्या आणत होते!" तिचा आवाज चढला. "छत गळतं यात लाज वाटण्यासारखं काय होतं रे? मला सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"तू म्हणाली असतीस, मी म्हटलं नव्हतं?"

"म्हणालेच असते! एकदा म्हणाले असते आणि विसरले असते. आणि बाबा, तुम्ही? डोळ्याचं ऑपरेशन झालंय, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही..."

बोलता बोलता ती थांबली. वडिलांच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. हात काळे, कपाळावर काळा पट्टा, केसांत रबराचा भुगा. दोन वर्षांत तिने त्यांना असं पाहिलं नव्हतं. लहानपणी रोज संध्याकाळी दारात दिसायचे तेच बाबा हे.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "मग थांबलं का पाणी?"

"थांबलं," दोघे एकदमच म्हणाले.

आणि उघड्या दारातून तिघांनाही ऐकू आलं. टप. सीटवरच्या वर्तमानपत्रावर एक थेंब. मग दुसरा. टप.

जावई मटकन पायरीवर बसला. एवढा खटाटोप पाण्यात! पण सासरे चिडले नाहीत, उलट त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि मोठ्याने हसले. त्यांनी सनरूफ सरकवून काचेखालची चौकट दाखवली. तिच्या कडेने बारीक पन्हळ फिरलेली होती.

"चूक माझी. फाटलेलं रबर दिसलं आणि मी हुरळलो. रबर कितीही चांगलं असलं तरी थोडं पाणी आत येणारच, ते धरूनच गाडी बांधलेली असते. म्हणून ही पन्हळ. चारी कोपऱ्यांना भोकं, भोकांना नळ्या, आणि नळ्या खाली चाकांपाशी सुटतात. नळी तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी डोक्यावर. फ्रिजखाली तळं साचलं की दहातल्या नऊ घरी हेच असायचं. आणि मीच विसरलो!"

बायकोने हळूच नवऱ्याकडे पाहिलं. "अठरा वर्षं शहराची गटारं आखतोस ना रे तू?"

"आखतो," तो पडेल आवाजात म्हणाला.

"आणि डोक्यावरचं गटार दिसलं नाही?" एवढं म्हणून तिला जे हसू फुटलं ते आवरेना. तिचं बघून बाबा, बाबांचं बघून नवरा. पार्किंग दणाणून गेलं.

हसणं ओसरल्यावर ती वर जाऊन आपली बॅग घेऊन आली. लांब दांड्याचा इवलासा आरसा, बारीक टॉर्च, बिनसुईची मोठी सिरिंज. चपला काढून ती सीटवर उभी राहिली, सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर आली आणि कोपऱ्यात आरसा धरून पेशंट तपासावा तशी तपासू लागली.

"मागची दोन्ही ठीक. डावीकडचं पुढचं ठीक. उजवीकडचं पुढचं पार किडलंय. काडीकचरा, माती... अगंबाई, यात रोप उगवलंय!"

खरंच, दोन पानांचा एक हिरवा कोंब तिने चिमट्याने अलगद उचलून नवऱ्याच्या तळहातावर ठेवला. "घे. तुझी बाग."

नळी मोकळी करायला जावई तार शोधायला निघाला, तर सासऱ्यांनी अडवलं. तारेने नळी फाटते, जोराची हवा मारली तर आतल्या आत निसटते. मऊ काहीतरी हवं. इमारतीच्या माळ्याकडे गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी होती. त्याने हातभर कापून दिली आणि काय चाललंय ते बघायला स्वतःही येऊन उभा राहिला. सासरे सांगत होते, बायको दोरी हलक्या हाताने फिरवत आत सरकवत होती, आणि जावई पुढच्या चाकाजवळ जमिनीवर आडवा होऊन वर बघत होता.

"सिरिंजने सोडते हं पाणी. येतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"दोरी जरा फिरव, पोरी. हलकेच. नस शोधतात तशी."

"आता?"

खाली काहीतरी गुडगुडलं. पुढच्या क्षणी काळ्या चिखलाची एक गोळी आणि तिच्यामागून गढूळ पाण्याची धार थेट जावयाच्या नाकावर आली.

"आलं!" तो ओरडला. "आलं, आलं, आलं!" तोंड पुसायचंही त्याला भान नव्हतं. सासरे वाकून बघत होते, आणि वाकू नका म्हणायचं मुलीच्या लक्षातच आलं नाही.

मग पाइप माळ्याच्या हातात दिला आणि तिघेही आत बसले. काच बंद. वरून पाणी धो धो पडत होतं, काचेवरून झुळझुळत वाहत होतं आणि त्याच्या सावल्या तिघांच्या कपड्यांवर हलत होत्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मांडीवरचं वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत. कुणीच बाहेर पडायचं नाव घेईना. शेवटी माळीच काचेवर टकटक करून म्हणाला, "साहेब, माझी झाडं राहिलीयत."

संध्याकाळी सासऱ्यांनी जावयाला रीतसर समज दिली. तीन-चार महिन्यांनी रबर ओल्या फडक्याने पुसायचं, वाळलं की सिलिकॉनच्या ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, तेल किंवा पेट्रोल अजिबात लावायचं नाही. पन्हळीतली पानं काढायची, कोपऱ्यात चमचाभर पाणी ओतून ते चाकाशी येतं का बघायचं. आणि छत अधूनमधून उघडायचं. नुसतं बंद राहिलं की रबर चिकटतं. जावयाने हे सगळं लिहून घेतलं, शेजारी पन्हळीचा नकाशा काढला, उतार बाणांनी दाखवले. सासऱ्यांनी तो कागद चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "याची एक प्रत मला मिळेल?"

पंधरा दिवस संपत आले तशी मुलीने परतीच्या तिकिटाची आठवण केली. "बघू पुढच्या आठवड्यात," म्हणून वडील रबरवाल्याकडे गप्पा मारायला निघून गेले. त्यांची खोलीतली चादर तीन दिवसांपासून चुरगळलेलीच पडली होती, आणि मुलगी ती मुद्दामच नीट करत नव्हती.

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई उभ्या होत्या, कानकोंड्या होऊन.

"माळी सांगत होता... आमच्याही गाडीत पायाखाली पाणी साचतंय हो. तुमच्याकडे कुणी बघतं म्हणे?"

जावई वळून हाक मारणार, तोवर सासरे चपला घालून तयार होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताने बाही वर सारत.

"बघतो ना," ते म्हणाले. "जावईबापू, दोरी घ्या. आणि पोरी, तुझा तो आरसा जरा दे बघू."